तीर्थ खाण्यात धरत नाहीत

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते मेथी निवडणं. नया बाजारातून मी दोन जुड्या आणल्या होत्या. बायको खाटेवर बसली, मी खाली वर्तमानपत्र पसरून. तिला दिसायचं कमी, पण माझ्या ढिगात हात घालून तिनं चाचपलं आणि म्हणाली, "एवढी देठं कोण खाणार? तुमची घोडी?"

"घोडी मरून जमाना झाला," मी म्हणालो.

"मग चारा कशाला निवडताय?"

तरुणपणी मी फौजेच्या पागेत होतो. त्यावरून हा टोमणा जन्मभर ऐकला. भाजी झाली, भाकरी झाली. अर्धी भाकरी तिनं खाल्ली, अर्धी माझ्या ताटात टाकली. त्या रात्री झोपेतच ती गेली. लोक म्हणतात, असं मरण भाग्याचं. असेल. ज्याच्या शेजारची खाट रिकामी झाली त्याला विचारा.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. जेवणं उरकली. माझ्या बहिणीचा मुलगा, बँकेत नोकरीला आहे, सुपारी चघळत चारचौघांत म्हणाला, "मामा, मामीच्या हातचं खाऊन एकदा पूरी गल्ली अस्पतालमध्ये भरती झाली होती ना?" आणि हसला. बाकीचेही हसले. वाईट हेतूनं नाही. म्हाताऱ्या माणसाची एक गंमत सांगावी तसं.

"कोणी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतात."

मी उठलो आणि बाहेर जाऊन बसलो. तेराव्याला भांडू नये एवढी अक्कल मला आहे. पण ती गेली आणि ही गोष्ट उरली, तीही उलटी, हे मला चालणार नाही. मी चौथीपर्यंत शिकलोय. अक्षर मोठं येतं, र्‍हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. तरी लिहितो. कारण ते जंतू मी या डोळ्यांनी पाहिलेत.

महाराजांची फौज दिल्लीच्या फौजेत विलीन झाली तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळांना घरी बसवलं. घोडी विकली, पागेला कुलूप लागलं. मला सांगितलं, मोठ्या इस्पितळात जा, तिथं माणूस हवाय. मला वाटलं चौकीदारी असेल. गेलो तर एका खोलीत काचेच्या ताटल्या, नळ्या, आणि चुलीवर मांसाचा रस्सा शिजतोय. वाटलं, साहेब लोकांचं जेवण. एक डॉक्टर हसले. कानपूरकडचे, पान खाणारे, पण त्या खोलीत शिरताना पान थुंकून चूळ भरून येणारे. म्हणाले, "फौजी, ये खाना हमारा नहीं, कीड़ों का है. आज से तू इनका खानसामा."

तेच माझं काम. जंतूंसाठी रस्सा शिजवायचा, गाळायचा, त्यात समुद्रातल्या शेवाळाची पूड घालून खरवसासारखा घट्ट करायचा आणि ताटल्यांत ओतायचा. आजारी माणसाच्या शौचाचा कण त्या ताटलीवर फिरवायचा ते डॉक्टर करत. मग ताटली ऊबेच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी उघडली की तिच्यावर जंतूंची वस्ती उगवलेली, ठिपके ठिपके. गल्लीत आमच्या खोलीला किडेघर म्हणत. बायको पहिले सहा महिने मला अंगणातच कपडे उतरवायला लावायची. अंघोळ केल्याशिवाय पाण्याच्या हंड्याकडे बघूसुद्धा द्यायची नाही. "हगवण शिजवून आलात," म्हणायची. मी म्हणायचो, "शिजवत नाही, पेरतो." "शी! मग तर आधी बाहेर व्हा."

आमची गल्ली खासगी बाजाराच्या मागं. सगळी जुन्या फौजेतल्या माणसांची घरं. गणपती बसायचा, आणि प्रत्येक घराचं काम ठरलेलं. कोणाचा मांडव, कोणाची आरास, कोणाची पूजा. सत्यनारायणाच्या जेवणाचा मसालेभात आमच्या घराकडे. आधी माझ्या आईकडे होता, मग हिच्याकडे आला. आचारी लावायची पद्धत नव्हती. ज्या घराचं काम काढून घेतलं, त्या घराला गल्लीतून काढल्यासारखंच. हे काम तिला फार प्रिय. वर्षभर त्या भातासाठी ती मसाला जपायची. कोणी "वहिनी, भात छान झाला" म्हटलं की तोंड फिरवून घ्यायची, हसू दिसू नये म्हणून.

ते वर्ष राज्यांच्या पुनर्रचनेचं. आमचं मध्यभारत राज्य मोडून मोठा मध्य प्रदेश व्हायचा होता, राजधानी भोपाळला. आमच्या लष्कर शहरातली सगळी कचेऱ्यांची माणसं खोकी बांधत होती. आमचं किडेघरही जायचं होतं. ऊबेचं कपाट, सूक्ष्मदर्शक, काचा, सगळं भोपाळला. एक बाबू रोज येऊन विचारायचा, "पेटी झाली का?"

अशात गणपती आले. सत्यनारायण सोमवारी. भाद्रपद कसला तो, नुसती काहिली, पंख्यानं वारा घेतला तरी घाम. मांडवाच्या मागच्या बोळात तीन दगडांवर हिचं भलंमोठं पातेलं. पूजा झाली, आरती झाली, तीर्थ-प्रसाद वाटला, पण ही चुलीपाशीच. भात सोडून आली असती तर खाली लागला असता. मी कामावरून आलो तोवर पंगत बसली होती. तीर्थाचं भांडं रिकामं, मला शिरा तेवढा मिळाला. भात मात्र मी तीनदा घेतला. सगळ्यांच्या शेवटी ती जेवली, मांडवामागे उकिडवी बसून. सांगून ठेवतो, तिनंही तोच भात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून गल्लीत लोटे घेऊन माणसं धावायला लागली. आधी हसू आलं. मग नाही आलं. वांत्या, ढाळ, ताप, पोटात मुरडा. एक घर सुटलं नाही. हवालदारकाका, गल्लीचे वडीलधारे, गणपतीचं सगळं त्यांच्याकडे. त्यांची पाच वर्षांची नात पार सुकून गेली, डोळे खोल गेले. तिला मीच उचलून टांग्यात घातली आणि इस्पितळात नेली.

आणि आम्ही दोघं ठणठणीत. मी तीनदा खाऊन ठणठणीत! मला वाटलं, याचाच आनंद होईल लोकांना. झालं उलटं. इस्पितळाच्या व्हरांड्यात हवालदारकाका मला म्हणाले, "बनवणारीला काही झालं नाही. तिच्या नवऱ्याला काही झालं नाही. बाकी अख्खी गल्ली आडवी. तूच सांग, मी काय समजू?"

"काका, मी तोच भात खाल्ला."

"तू किडेघरातून थेट आला होतास ना? त्याच हातांनी तिला मदत केलीस ना पातेलं उतरवायला?"

हात मी धुतले होते, साबणानं, मग राखेनं. पण सांगणार कोणाला? संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, किडेघराचे किडे हिच्या भातात पडले. दोघी-तिघींनी तर आमच्या ओट्यासमोरून जाताना पदर नाकाला लावला. बरं, आजारी माणसं, त्यांना काय बोलणार. हवालदारकाकांनी सांगून पाठवलं, पुढल्या वर्षीपासून भात दुसरीकडे.

तिनं निरोप ऐकला. रडली नाही. त्या दिवसापासून सकाळच्या गर्दीत नळावर जायची बंद झाली. भर दुपारी उन्हात जायची, नळ करंगळीएवढा वाहायचा तेव्हा, कोणी नसताना. मी म्हटलं, "मी बोलतो त्यांच्याशी." म्हणाली, "तुम्ही बोललात की आग लागते. तुम्ही तुमच्या त्या ताटल्या बघा. काय ते शोधून काढा. माझ्या भातात असेल तर माझ्या तोंडावर सांगा, मी परत पातेल्याला हात लावणार नाही. पण नसेल तर नाही म्हणून सांगा. मला तेवढंच पाहिजे."

त्या एका वाक्यावर मी किडेघरात धावलो.

डॉक्टरांनी गल्लीतल्या सगळ्यांचे नमुने आधीच घेतले होते. ताटल्या ऊबेत होत्या. सकाळी आम्ही कपाट उघडलं. आता हे नीट सांगतो. त्या ताटलीतला खरवस तांबूस असतो. पोटात नेहमी राहणारे साधे जंतू त्यावर उगवले की गुलाबी होतात. त्यांचं भय नाही. पण काही जंतू दुधातली साखर खात नाहीत, ते गुलाबी होत नाहीत, बिनरंगाचे राहतात, दवाच्या थेंबासारखे. हे बिनरंगी बदमाश. तर ताटली उजेडात धरली, आणि गुलाबी ठिपक्यांच्या मधून मधून थेंब! दुसरी ताटली, थेंब! तिसरी, थेंब! डॉक्टर "वाह, वाह" करत होते, जणू गाणं चाललंय. मला म्हणाले, "फौजी, दुश्मन दिखा."

"और भात?"

हिच्या पातेल्यात खाली थोडा भात चिकटला होता. तो मी माणसं आजारी पडली त्याच दिवशी आणून दिला होता. त्या ताटलीवर काय? काहीच नाही. कोरी. मी ती उलटी केली, सुलटी केली, खिडकीशी नेली. कोरी! मी नाचायचाच बाकी होतो. पण डॉक्टर मान हलवत म्हणाले, "इतने से साबित नहीं होता. तले का जला हुआ चावल है, उसमें कीड़ा वैसे भी मर जाता. किसी चीज़ में मिलना चाहिए. बीमार सबने क्या खाया, और तूने क्या नहीं खाया?"

बस. तोच प्रश्न. ते स्वतः गल्लीत आले, चौकात खाट टाकून बसले आणि एकेका घराला विचारू लागले, क्या-क्या खाया. भात, पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, शिरा. सगळ्यांचं एकच. मीही तेच खाल्लेलं. शेवटी आमच्या समोरच्या घरातल्या आजी आल्या, काठी टेकत, अजून अशक्त. त्या विधवा, एकट्या राहणाऱ्या.

"माताजी, आपने क्या खाया?"

"कुछ नहीं खाया, बेटा. सोमवार था मेरा. उपास."

"कुछ भी नहीं? पानी?"

"पानी भी घर का."

"फिर भी दस्त लगे?"

"लगे तो लगे. देवाची इच्छा."

डॉक्टर डोकं खाजवत परत गेले. म्हणाले, आजीला दुसऱ्यांची लागण झाली असेल, एकाच संडासात जातात सगळे. असेलही. पण ते चेहऱ्यावरून काही खूश दिसले नाहीत.

त्या दिवशी घरी मी हे सगळं हिला सांगितलं. ती तव्यावर पोळी टाकत होती. ऐकता ऐकता म्हणाली, "आजींनी काही खाल्लं नाही हे खरंय. मी पानात पुरी वाढायला गेले तर हात आडवा केला. नुसतं तीर्थ घेतलं म्हणाल्या, आणि उठल्या."

"हो, तीर्थ तर सगळ्यांनीच घेतलं असेल."

"मी नाही घेतलं. चुलीपाशी होते."

"मलाही नाही मिळालं," मी म्हणालो.

पोळी तव्यावर जळायला लागली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ती उलथनं हातात घेऊन, मी घास हातात धरून. मग म्हणाली, "अहो, तुमच्या डॉक्टरनं तीर्थाचं विचारलं का हो कुणाला?"

"त्यांनी विचारलं काय खाल्लं. तीर्थ काय खाणं आहे?"

"तेच तर!"

तेच तर. पळीभर दूध, दही, तूप, मध, साखर, तळहातावर घेऊन प्यायचं आणि हात डोक्यावरून फिरवायचा. त्याला आपण खाणं म्हणतो का? निर्जळी उपास असला तरी घेतो. कोणीही सांगितलं नाही, कारण कोणाच्या मनातच ते नव्हतं. मी जेवण तसंच टाकून चपला घातल्या. मागून ती ओरडली, "हात तरी धुवा!"

डॉक्टरांच्या घरी जाऊन मी एका दमात सांगितलं. आधी त्यांना कळेना. "तीर्थ? कौन-सा तीर्थ? यात्रा?" मग मी तळहात ओंजळीसारखा करून दाखवला. त्यांनी कपाळावर हात मारला. "चरणामृत! अरे बाप रे. मेरी अम्मा को पूछते कि क्या खाया, वो भी नहीं बोलतीं. मैं खुद नहीं बोलता!" आणि तसेच पानाचा डबा विसरून माझ्याबरोबर निघाले.

गल्लीत पुन्हा विचारलं. ज्यांनी तीर्थ घेतलं ते सगळे आजारी. जे उशिरा आले, ज्यांना मिळालं नाही, ते बरे. पण डॉक्टरांना ते पुरेना. त्यांना खुद्द तीर्थ पाहिजे होतं, थेंबभर का होईना. आणि तीर्थ उरतं कुठे? भांडं केव्हाच घासून पालथं घातलेलं.

हीच म्हणाली, "आजी मुलीसाठी ठेवतात. प्रत्येक वर्षी. झाशीची मुलगी दसऱ्याला येते, तिला देतात."

खरंच होतं. औषधाच्या धुतलेल्या बाटलीत, बूच लावून, देवामागे. पण आजी देईनात. डॉक्टरांना म्हणाल्या, "बेटा, जो माँगो दूँगी, ये नहीं." मला तर झापलंच, "सत्यनारायणाचं तीर्थ त्या किडेघरात नेऊन मांसाच्या रश्शात कालवणार तू? तुझ्या आईला काय वाटेल वरती?"

मी काहीतरी फटकन बोलणार होतो. हिनं मला मागं ढकललं. सत्यनारायणानंतर पहिल्यांदाच ती कोणाच्या उंबऱ्यात उभी होती. पदर सारखा केला, आणि आजींसमोर उजवा तळहात पुढे केला.

"आजी, मला त्या दिवशी तीर्थ मिळालं नाही. पळीभर द्या."

आजींनी बाटली छातीशी धरली. "कशाला ग?"

"कशाला म्हणजे? तीर्थ कशाला घेतात?"

"नको ग बाई."

"का नको? माझ्या भातानं सगळे आजारी पडले ना? मग तीर्थानं मला काय होणार? द्या."

तिचा हात तसाच पुढे. तिचा स्वभाव मला माहीत, दिलं असतं तर ती प्यायली असती. आजींनी तिच्या हाताकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. बूच काढायला बोटं गेली आणि थांबली.

"तुला काही झालं तर?" आजी हळूच म्हणाल्या.

"आणि तुमच्या मुलीला झालं तर?"

आजी खाली बसल्या. मग बाटली हिच्या हातावर नव्हे, माझ्या हातावर ठेवली. "ने. पण रश्शात घालण्याआधी नमस्कार कर."

मी केला. खोटं सांगत नाही.

सायकल काढली. एका हातात बाटली, एका हातात हँडल. नई सडकेवर भरबाजारात घंटी वाजवायला हात नव्हता, म्हणून तोंडानंच ओरडत गेलो, "हटो! हटो भाई, हटो!" एक कापडवाला म्हणाला, "काय बाबा, अमृत घेऊन चाललास?" मी म्हटलं, "हो, देवाचंच!" आणि हसत सुटलो. पुष्कळ दिवसांनी हसलो.

किडेघरात बाबू उभा. बरोबर दोन हमाल. "अलमारी आज जाएगी," म्हणाला. डॉक्टरांनी हात जोडले, "भाई साहब, दो दिन." बाबू म्हणे वरून हुकूम आहे, राजधानी आमच्यासाठी थांबणार नाही. मी म्हटलं, "साहेब, पेटी तयार आहे, पण खिळे सापडत नाहीत." खिळ्यांची पुडी माझ्या स्टुलावर होती आणि मी स्टुलावर. टोचत होते. बाबूनं खोलीभर शोधलं, हमालांनी शोधलं. मी बसल्या जागेवरून बोट दाखवत होतो, तिकडे बघा, कपाटामागे बघा. शेवटी हमाल कंटाळून बिडी प्यायला गेले आणि बाबूही "तीन दिन बाद आता हूँ" म्हणून गेला. डॉक्टर माझ्याकडे वळले. "उठ अब. कीलें निकाल, वरना तेरा भी नमूना लेना पड़ेगा."

तीर्थाचा थेंब ताटलीवर पसरला. कपाट बंद. त्या रात्री मला काही झोप नाही, हे सांगायला नको. सकाळी डॉक्टरांच्या आधी मी दाराशी. पण उघडलं नाही. ते आले, हात धुतले, ताटली काढली, खिडकीशी नेली.

गुलाबी पुष्कळ. आणि त्यांच्यामध्ये, कडेला एक, मध्ये दोन, खाली झुबका, बिनरंगी थेंब.

मी ओरडलोच. डॉक्टर म्हणाले, "शोर मत कर, अभी पक्का नहीं." पण त्यांचाच आवाज चढला होता. मग एका थेंबातला कण वेगवेगळ्या साखरांच्या नळ्यांत घातला. कोणती साखर खातो, कोणती नाही, यावरून जात कळते. आणखी एक दिवस. तोवर मी घरी हिला काही बोललो नाही. तिनंही विचारलं नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघायची आणि वळायची.

बाबू यायच्या आदल्या दिवशी शेवटची परीक्षा. सशाच्या रक्तातून काढलेलं एक पाणी असतं, ते त्या एकाच जातीच्या जंतूला ओळखतं. काचेच्या पट्टीवर एका बाजूला आजाऱ्यांचा जंतू, हवालदारकाकांच्या नातीचाच. दुसऱ्या बाजूला तीर्थातला. डॉक्टरांनी दोन्हींवर त्या पाण्याचा थेंब टाकला, पट्टी हातात धरून हळूहळू डोलवली. मी श्वास धरला. दोन्हीकडे सगळं गढूळ, एकसारखं. आणि मग पाहता पाहता दूध नासावं तसं, आधी नातीचं फाटलं, बारीक बारीक कण, आणि लगेच तीर्थाचं! दोन्हीकडे सारखंच!

"देख, फौजी! देख!" डॉक्टर पट्टी माझ्या नाकाशी आणत होते. मग सूक्ष्मदर्शकाशी मला बसवलं. मी डोळा लावला. तांदळाच्या कणीहूनही बारीक काड्या, जिवंत, इकडून तिकडे धावताहेत, एकमेकांना धडकताहेत. एवढ्याशा! यांनी माझ्या बायकोला नळावरून हाकललं होतं! मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला वाटलं, काय चपळ आहेत! पागेतली शिंगरं सोडली की अशीच पळायची. मी डोळा काढेना. डॉक्टरांनी शेवटी खांदा धरून उठवलं.

दुधाचा माग त्यांनी तोवर काढला होता. गवळ्याकडे एक गाय ढाळ लागलेली निघाली. गणपतीच्या दिवसांत सकाळी दूध मिळत नाही म्हणून तीर्थाचं दूध आदल्या संध्याकाळीच आलं होतं. देवाचं म्हणून तापवायचं नाही. एका घरी सोवळ्यात, झाकून, रात्रभर ठेवलेलं. कोणाचा हात लागला नाही, एवढी काळजी घेतली. हात नाही लागला, पण ऊब लागली. आमच्या कपाटात जी ऊब आम्ही विजेवर करतो, ती भाद्रपदानं त्यांना फुकट दिली. जंतू त्या दुधात रात्रभर वाढत राहिले.

घरी आलो तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. मी उंबऱ्यातूनच ओरडलो, "भातात नव्हतं! तीर्थात होतं! दुधात! मी पाहिलं, या डोळ्यांनी पाहिलं, पळतात ते!"

सूप खाली ठेवलं. "नक्की?"

"नक्की. डॉक्टर उद्या हवालदारकाकांना सांगणार आहेत. नात पण बरी आहे, परवा घरी येईल."

पदर तोंडाला लावून ती बसली. खांदे हलत होते. मी जवळ गेलो तर कळलं, रडतही होती आणि हसतही. मग एकदम थांबली.

"दूध कोणाकडे होतं रात्री?"

मी सांगितलं.

तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "ते सांगायचं नाही."

"का नाही? मी सकाळी नळावर उभा राहून नाव घेणार."

"त्या घरच्या सुनेनंच ठेवलं असेल ना ते? बावीस वर्षांची पोर आहे. उद्यापासून ती दुपारी नळावर येईल."

"मग येऊ दे! तुझ्यावर आलं तेव्हा कोणी थांबलं?"

"म्हणूनच. तिनं दूध टाकलं नाही, नासवलं नाही, तिला सांगितलं तसं झाकून ठेवलं. मी चुलीपाशी होते, ती देवापाशी होती. एवढाच फरक." मग माझ्याकडे बोट रोखून, "तुमचं तोंड मला माहीत आहे. एकदा, एकदाच आवरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळ सुटायच्या वेळी, मी हिची घागर घेऊन निघालो. ती माझ्या मागून. गर्दी होतीच. आम्ही दिसलो तसा बायकांचा आवाज खाली बसला. हवालदारकाका दात घासत ओट्यावर. मी घागर रांगेत ठेवली आणि मोठ्यानं म्हणालो, "माझ्या बायकोच्या भातात काही नव्हतं. जंतू कच्च्या दुधात होते, तीर्थाच्या. मी पाहिलेत. डॉक्टर येऊन सांगतील. यापुढे देवाचं दूधसुद्धा उकळून घ्या."

"तीर्थात?" हवालदारकाका चूळ टाकून म्हणाले. "देवाला बोल लावतोस?"

"देवाला नाही, काका. गाईच्या ढाळांना. तुमच्या नातीच्या पोटातले आणि तीर्थातले, दोन्ही एका पट्टीवर एकसारखे फाटले."

समोरच्या आजी त्यांच्या दारातून म्हणाल्या, "मी दिलं त्याला तीर्थ. नमस्कार करून नेलंय."

मग कोणीतरी बाई म्हणाली, "पण दूध ठेवलं होतं कोणाच्या घरी?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. ती पोर तिथंच होती, बादली धरून, पांढरीफटक. माझ्या जिभेवर नाव आलं होतं. मी मागं पाहिलं नाही, पण ही माझ्या पाठीवर डोळे रोवून उभी आहे हे मला कळत होतं.

"दूध कच्चं होतं," मी म्हणालो. "बस."

ते नाव मी तेव्हा घेतलं नाही आणि इथंही लिहिलेलं नाही.

रांग पुढे सरकली. हिचा नंबर आल्यावर ती पुढे झाली, घागर नळाखाली धरली. शेजारची म्हणाली, "वहिनी, जरा तिरपी धरा, उडतंय." "धरलीय की," ही म्हणाली. घागर भरली. मी ती उचलून तिच्या डोक्यावर दिली, ती घराकडे वळली, आणि मी तिथूनच सायकलवर किडेघरात गेलो. बाबू आला होता. कपाट मी पेंढ्यात बसवलं, झाकण लावलं आणि खिळे ठोकले.